उत्तर खोऱ्याची रुग्णवाहिका

"चोरीला गेलेली रुग्णवाहिका उद्या दुपारच्या आत सापडली पाहिजे," लॉर्ना व्हिटकॉमने हातमोजे टेबलावर आपटले. "दुपारी तिचा लिलाव आहे."

लॉर्ना ही टॅमरॅक काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, मुख्य कारभारी. खाजगी तपासनीस थिया ब्रेक्के आपल्या कचेरीत बसून ऐकत होती. तिचे सहकारी क्लेटन हॉग, रस्ते खात्यातून निवृत्त झालेले, बुटांवरचा बर्फ झटकत होते.

"उत्तर खोऱ्याची एकुलती एक रुग्णवाहिका विकता?" क्लेटननी विचारले.

"हौस आहे का मला? राजधानीत अंदाजपत्रकातली एक ओळ खोडली आणि राज्याच्या कैद्यांचा खर्च आमच्या गळ्यात आला. कर वाढवायचा नाही, तूट दाखवायची नाही! गाडी विकली नाही तर रस्त्यांवरचा बर्फ काढणं बंद. विकली तर छातीत कळ आलेल्या माणसाने दवाखान्यापर्यंत चालत यायचं."

"उद्या गाडी दाखवता आली नाही, तर?" थियाने विचारले.

"लिलाव महिनाभर लांबणीवर. तोवर राजधानीत पुरवणी मागण्यांवर भांडणं चालतील. काही पदरात पडेल, असं मला तरी वाटत नाही."

रुग्णवाहिका जिथे उभी असे, त्या ठाण्याचे कुलूप शाबूत होते. किल्ल्या तिघांकडे होत्या: रुग्णवाहिकेवरची परिचारिका रुथॲन, दुरुस्ती करणारा अर्ल आणि काउंटी मंडळाचे अध्यक्ष हार्लन स्टेनर्सन.

"हार्लनला सोडून द्या," लॉर्ना म्हणाली. "विक्रीच्या ठरावाला पहिला हात त्यानेच वर केला."

रुथॲन एका खोलीत भाड्याने राहत होती. तिची स्वतःची मोटार रस्त्यावर बर्फात गाडली गेली होती.

"मी गाडी लपवू कुठे, उशीखाली?" ती फणकारली. "नोकरी गेली, वर संशयही माझ्यावरच! पण एक सांगते. आत सलाइनच्या पिशव्या आहेत. या थंडीत गोठल्या तर फेकून द्याव्या लागतील. चोराला म्हणावं, गाडी उबेत ठेव बाबा!"

अर्लच्या गॅरेजच्या छपरावर गुडघाभर बर्फ साचला होता. आत भिंतीही गारठल्या होत्या.

"काउंटीने माझं बिल थकवलंय," तो म्हणाला. "तेलाला पैसे नाहीत म्हणून हीटर बंद. मी गाडी चोरली असती ना, तर आधी सुटे भाग विकून इथे ऊब केली असती!"

हार्लन स्टेनर्सन कुरणावरच्या घरात पत्नी ओपलबरोबर कॉफी पीत बसले होते.

"राज्य म्हणतं कैदी सांभाळा, राज्य म्हणतं कर वाढवू नका, जमाखर्च जुळवा हेही राज्यच म्हणतं," ते उसळले. "मग मी विकू काय? बायको?"

"मला कोण घेणार? गुडघे गेलेत माझे," ओपल म्हणाली.

"गोठा केवढा मोठा आहे तुमचा!" थिया खिडकीतून पाहत म्हणाली.

"रिकामा आहे," हार्लन म्हणाले. "वासरं शरद ऋतूतच विकली. तेव्हापासून दार उघडलेलं नाही."

निघताना गोठ्याच्या वळचणीचा एक बर्फाचा सुळा कोसळला आणि क्लेटन थोडक्यात वाचले. छपरावर मात्र बर्फ नव्हता. वाऱ्याने उडाला असेल, असा विचार करून त्यांनी टोपी सावरली.

थियाने लॉर्नाला तिथेच बोलावून घेतले. अंगणात सगळे जमल्यावर ती म्हणाली, "चोराकडे किल्ली होती, मोठी जागा होती आणि गाडीची काळजीही होती. आतलं सलाइन गोठू नये म्हणून त्याला ऊब हवी होती. रुथॲनकडे जागा नाही. अर्लकडे जागा आहे, पण ऊब नाही. राहिला हा गोठा."

"छपरावरचा बर्फ वाऱ्याने गेला असेल," क्लेटन म्हणाले.

"वाऱ्याने बर्फ उडतो, क्लेटन. त्याचे सुळे होत नाहीत. त्यासाठी तो आधी वितळावा लागतो, आणि या थंडीत तो वितळतो खालच्या उबेने. रिकामा गोठा कोण तापवतं?"

हार्लननी दार उघडले. आत हीटर चालू होता. शेजारी पांढरी रुग्णवाहिका उभी होती.

"हात वर करून ठराव मंजूर केलास आणि त्याच हाताने गाडी पळवलीस?" लॉर्ना ओरडली.

"ठराव अडवला असता तर तूट राहिली असती आणि कायदा मोडला असता. महिनाभर मिळाला, तर राजधानीत जाऊन कुणाचे तरी पाय धरता येतील, एवढंच डोक्यात होतं."

"कायदा तर मोडलासच! आता अध्यक्षपद सोड. गाडी आजच ठाण्यावर जाईल. लिलावाला उद्याची दुपार आहे खरी, पण इतक्या उशिरा बोली लावणाऱ्यांना मी ती कधी दाखवणार? लिलाव पुढच्या महिन्यात. तोवर उत्तरेच्या रस्त्यावरचा बर्फ तू स्वतःच्या ट्रॅक्टरने काढायचास."

"काढतो."

"आणि राजधानीने नाही म्हटलं तर?"

"तर लिलाव करा," हार्लन म्हणाले. "अध्यक्षाला बोली लावता येत नाही. मला आता लावता येईल."

लॉर्ना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "राजीनामा लिही. आत्ता. मी इथेच उभी आहे."

हार्लननी खिशातून पेन काढले. शाई गोठली होती. क्लेटननी आपली पेन्सिल पुढे केली.