निवांतपट

खंडेनवमीला पाणीवाटप केंद्रात संगणकांची पूजा थाटात व्हायची. धरणांचे दरवाजे आता तेच चालवत असल्याने त्यांना बंद करण्याची सोय नव्हती. चालू पडद्यांनाच झेंडूच्या माळा पडत. एकदा हळदकुंकू लागलं की प्रसाद होईपर्यंत कुणी माऊसला हात लावायचा नाही, हा केंद्राचा दंडक. केंद्राच्या प्रयोगशाळेत नवं विज्ञान शोधणारी माणसंसुद्धा तो बिनतक्रार पाळत. घरच्यांनाही बोलावणं असे. यंदा केंद्रप्रमुख दळवींनी परस्पर गाडी पाठवून केंद्रात नोकरीला असलेल्या हृषीकेश बोंद्रेच्या वडिलांना, तात्यांना, चाकाच्या खुर्चीतून आणवलं. हृषीकेशला ते नको होतं.

कारण होता निवांतपट, म्हणजे हात थांबले की पडद्यावर येणारं चित्र. केंद्राच्या यंत्रांवर आपल्या आवडीचं चित्र लावायला बंदी होती. सगळीकडे बोधचिन्हच फिरायचं. पण पक्षाघाताने तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा हृषीकेशने त्यांचा कॉटवरचा फोटो लावायची परवानगी मागितली. दळवी गहिवरले, आणि प्रयोगशाळेच्या डॉ. तन्वी मेढेकरांनी त्याला नवा निवांतपट दिला.

"हा फोटो आहे तसा राहत नाही बरं का," त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. "पडद्यावरचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघतो. चेहऱ्याच्या रंगातल्या बारीक चढउतारांवरून नाडी मोजतो. पापणी लवते तेवढ्यात चित्रात छोटासा फरक होतो. तुम्ही निवांत झालात तर तो टिकतो, नाहीतर पुसला जातो."

"म्हणजे मला आवडेल ते दाखवणार?"

"आवडीबद्दल माणूस स्वतःलाही थापा मारतो, बोंद्रे. नाडीला ते जमत नाही. आणि समोर दुसरं कुणी बसलं, तर चित्र त्याच्या कलाने जाऊ लागतं."

आधी चित्रातून औषधांच्या बाटल्या गेल्या. हृषीकेशला बरंच वाटलं, चित्र नीटनेटकं दिसत होतं. मग तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पांघरूण हळूहळू सपाट झालं. एका दुपारी कॉटवर कुणीच नव्हतं. गादी गुंडाळलेली, खिडकी उघडी, कोपऱ्यात चाकाची खुर्ची तेवढी उरलेली. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. मेढेकरांकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. पडदा भिंतीकडे वळवून रोज बघत राहिला.

आज माळ घालताना कुणीतरी तो पडदा सरळ केला होता.

दळवींनी तात्यांची खुर्ची नेमकी त्याच्यासमोर आणली. "तुमचा फोटो ठेवलाय पोराने. आता येईल बघा."

हृषीकेशचा हात माऊसकडे गेला.

"बोंद्रे, आज हात नाही लावायचा."

लावला असता तर चित्र आलंच नसतं. पण का लावतोय ते सांगावं लागलं असतं. त्याने हात मागे घेतला.

चित्र आलं. दळवींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि ते आरतीचं तबक बघायला निघून गेले. तात्या बराच वेळ बघत होते.

"आपलीच खोली ना रे?"

"हो, तात्या."

"केवढी मोठी आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हृषीकेशला झालं. वडिलांकडे बघण्याची त्याची हिंमत होईना. तो मेढेकरांजवळ गेला.

"मॅडम, आता कॅमेऱ्यासमोर तेच आहेत. म्हणजे चित्र बदलेल ना? त्यांचं पांघरूण, ते स्वतः... येतील ना परत?"

"यायला हवेत," मेढेकर म्हणाल्या. "माणसाला जगावंसं वाटतंच."

आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. हृषीकेश त्या गुंडाळलेल्या गादीकडे बघत होता. ती उलगडावी म्हणून त्याने मनातल्या मनात देवाची विनवणी केली. आपल्या पापाचा पुरावा पुसला जावा एवढंच आपण मागतोय, हे त्याला कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

आरती संपली. प्रसादाचे द्रोण फिरले. गादी गुंडाळलेलीच होती. बदल झाला होता तो एकच. कोपऱ्यातली चाकाची खुर्चीही आता तिथे नव्हती.

मेढेकरांनी मान खाली घातली. हृषीकेशने तात्यांची खुर्ची घाईघाईने मागे ओढली. तात्यांनी चांगल्या हाताने टेबलाची कड धरली.

"थांब रे," ते म्हणाले. "थोडं बघू दे."