खुंटीवरचा बिल्ला

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. रात्र नव्हती हो. मंगळवार, भर दुपारचे दोन.

मामा इंजिन-चाचणीचे फोरमन. अवकाशात जाऊन परत येणाऱ्या यानाचं इंजिन. आधी बाहेरची हवा ओढतं, मग झडप मिटून टाकीतल्या ऑक्सिजनवर जळतं. हवा ओढायचं तोंड एवढं मोठं, की माणूस रांगत आत जातो. एखादा स्क्रू राहिलाय का, ते बघायला.

नियम एकच. आत जाणाऱ्याने आपला नंबराचा बिल्ला बाहेरच्या खुंटीला अडकवायचा. बिल्ला दिसला, की बटणाला हात लावायचा नाही.

वर्षापूर्वी त्या खुंटीवर सतरा नंबर होता. "काढायला विसरलं गाढव," म्हणत मामांनी तो खिशात टाकला. आणि बटण दाबलं...

सतरा नंबरवाला आतच होता.

मामांनी बिल्ला भट्टीत वितळवला. "त्याने लावलाच नव्हता," असं सांगून मोकळे झाले. मेलेला थोडाच बोलायला येतो? हे त्यांनी फक्त मला सांगितलंय.

तर त्या मंगळवारी मामांनी बटणाच्या खोलीच्या काचेतून पाहिलं, तर खुंटीवर...

सतरा.

मामांनी लगेच चाचणी थांबवली. सगळे आत रांगून आले. कुणी नाही. खुंटीही रिकामी.

साहेब भडकले. "पुन्हा थांबवलीत, तर थेट घरी जायचं!"

"काय दाजी, भूतबित दिसलं काय?" मेव्हणा हसला. मामीचा धाकटा भाऊ, मामांच्याच हाताखाली कामाला.

अर्ध्या तासाने मामा परत बटणापाशी.

खुंटीवर पुन्हा... सतरा.

"जा मसणात!" मामा पुटपुटले, आणि दाबलं.

इंजिनाने हवा ओढली... मध्येच काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला...

मग झडप मिटली.

सगळं निवल्यावर मामा खुंटीपाशी धावले. बिल्ला होता. नंबर नऊ.

मेव्हण्याचा. मघाच्या शोधाशोधीत आत पडलेली बुटांची माती पुसायला गेला होता बिचारा.

आता मामी रोज ताट वाढताना विचारते, "किती नंबर होता?"

"सतरा. देवाशपथ, सतरा."

"कॅमेऱ्यात नऊ आहे. परत सांगा."

ते चित्रण मीही पाहिलंय. सगळ्यांना त्यात नऊ दिसतो.

मला... सतरा दिसला.

मामांना सांगितलं तर त्यांचा जीव जरा हलका होईल, कळतंय मला. पण जीभ रेटत नाही. फार भीती वाटते.