नळीचं दुसरं टोक

पार्थ मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या छातीवर लाल रेघ होती.

रेघ माझीच होती. कोल्हारला, मनमाड रस्त्यालगत, त्यांच्या घराच्या वरच्या रिकाम्या मजल्यावर अभ्यासिका व्हायची होती आणि आतलं काम माझ्याकडे होतं. तिपाईवर गरगर फिरणारा माझा लेझर चारही भिंतींवर एकाच उंचीवर लाल रेघ ओढत होता. त्या रेघेवरून पुढचं सगळं ठरतं, छत, कप्पे, दिव्यांची बटणं. हे मार्किंग मी एकटीच करते, कारागीर नंतर येतात. माणसं कमी तर चुका कमी, असं माझं मत होतं.

तर हा चहा घेऊन जिना चढून आला, छातीवरची रेघ बघून दचकला, मागे सरकला आणि त्याचा पाय तिपाईत अडकला. लेझर खाली पडला, त्यावर चहा.

"मी... मी पार्थ. जागा आमचीच आहे," तो म्हणाला.

"वाटलंच," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नसती."

लेझर पुन्हा फिरायला लागला खरा. पण तो उलट दिशेला वळवून मी त्याच भिंतीवर खूण केली, तर ती पहिल्या खुणेवर बसेना, म्हणजे रेघ आता चुकत होती. दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवावा लागला. परत पाठवायचा पत्ता कोल्हारचाच दिला, कारण मी रोज नगरहून तिथेच येणार होते.

तोवर हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. गाडीच्या डिकीत बाबांच्या वेळची पाण्याची नळी होती. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक पहिल्या खुणेशी धरायचं, दुसरं समोरच्या भिंतीशी, आणि दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की समोर खूण करायची. पद्धत अगदी अचूक आहे. फक्त तिला दोन माणसं लागतात.

यंत्र मी पाडलंय तर टोकही मीच धरतो, असं पार्थ म्हणाला.

नळी धरल्या धरल्या तो बोलत राहायचा. पुण्यात त्याने स्पर्धा परीक्षा दिल्या होत्या, यादीत नाव काही लागलं नाही. आता गावातल्या मुलांना अभ्यासासाठी गाव सोडायला लागू नये, एवढं त्याच्या मनात होतं. खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा, खोलीभर पुट्टीचा वास असायचा, आणि मी पाण्याकडे बघायची. निदान बघायला हवं होतं.

"हसू नका, पाणी हलतंय," मी म्हटलं.

"मी कुठं हसतोय? तुम्ही बघताय म्हणून हात हलतोय."

त्या भिंतीवरची खूण मला पुसून पुन्हा करावी लागली.

तो मला आवडायला लागला होता. हे मला शांतपणे कळलं, आणि फारच गैरसोयीचं वाटलं. मार्किंग संपलं की रोज कोल्हारला यायचं काही कारण उरणार नव्हतं. त्यात एक दिवस पाण्यावरची नजर न काढता त्याने सांगितलं, की रविवारी कर्जतला मुलगी बघायला जायचंय, मामांनी ठरवलंय. मी म्हटलं, जाऊन या. घरी पोचेपर्यंत मला माझाच राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी खाली ओट्यावर त्याची आई, चांगुणाकाकू, शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तुमचं ते फिरतं यंत्र आलंय की परवाच," त्या म्हणाल्या. "पार्थानं कपाटात ठिवलंय. बोल्ला न्हाई व्हय?"

बोलले असतील, माझ्या लक्षात नसेल, असं म्हणून मी वर गेले. पार्थ नळी भरून तयार उभा होता. लेझर आला का, मी विचारलं. अजून नाही, पुण्याचं काम म्हणजे वेळ लागतोच, असं तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. मी माझं टोक उचललं. लेझरने जे काम सकाळच्या चहाआधी उरकलं असतं, ते मी दुपार कलेपर्यंत पुरवलं.

शेवटचा कोपरा राहिला.

"एवढं झालं की... संपलं?" त्याने विचारलं.

"मार्किंग संपलं. पुढचं कारागीर बघतील."

"आणि तुम्ही?"

"पार्थ, लेझर तुमच्या कपाटात आहे."

त्याच्या टोकातलं पाणी जोरात हललं. "कधी कळलं?"

"सकाळी."

"मग दिवसभर ही नळी...?"

"दुसरं टोक तुमच्या हातात होतं," मी म्हटलं. मग सुताराला माप सांगावं तशा आवाजात पुढचंही सांगून टाकलं. "मला तुम्ही आवडता. कर्जतला जाऊ नका."

तो टोक न सोडता तसाच खिडकीपाशी गेला. नळी ताणली गेली, म्हणून मलाही त्याच्या मागे जावं लागलं. त्याने खाली वाकून आवाज दिला.

"आई, कर्जतला नाही जायचं मला. मामाला फोन कर."

खाली शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही.

"सकाळीच केलाय," काकू म्हणाल्या. "उगंच सांगितलं व्हय तिला कपाटाचं? चहा ठिवते. दोघंबी खाली येऊन प्या. तू वर न्यायचा न्हाई."