ऐकू आलं की बटण दाबा

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी झोपले होते.

म्हणजे अगदी गाढ. मान डाव्या खांद्यावर, तोंड अर्धवट उघडं आणि — हे मला नंतर कळलं — बारीकसं घोरणं सुरू. इतर मुलींच्या पहिल्या भेटी किती छान असतात! कुणाच्या हातातली पुस्तकं पडतात, कुणाची छत्री वाऱ्याने उलटी होते. माझं मात्र हे असं.

दोष माझा नाही, खोलीचा आहे. मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कुणाला कितपत ऐकू येतं ते तपासते. त्यासाठी आमच्याकडे एक चिमुकली खोली आहे. जाड दार, मऊ भिंती, एक खुर्ची आणि बाहेरचा आवाज अजिबात नाही. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन लावतो, हातात बटण धरतो. मी काचेच्या अलीकडे मशीनवर बसून त्याच्या कानात बारीक बारीक आवाज सोडते. त्याला ऐकू आलं की तो बटण दाबतो आणि माझ्यासमोर दिवा लागतो. खुर्ची मुद्दाम पाठमोरी ठेवलेली आहे, नाहीतर माझे हात बघून लबाडी करणारे आजोबा कमी नाहीत. "ऐकू आलं की बटण दाबा. कितीही हळू असू दे. आल्यासारखं वाटलं तरी दाबा," हे मी दिवसभर इतक्यांदा सांगते की आई म्हणते, मी झोपेतसुद्धा तेच बडबडते.

आता तुम्हीच सांगा. टळटळीत दुपार, पोटभर जेवण आणि समोर गावातली सगळ्यात शांत खोली! डॉक्टर मॅडम जेवायला घरी गेल्या की मी दारावरचा लाल दिवा लावायचे — 'तपासणी चालू आहे, शांतता राखा' — आणि आत जाऊन खुर्चीत अंगाचं मुटकुळं करायचे. कानाला हेडफोन, कारण ते छान ऊबदार असतात. हातात बटण, कारण झोपताना मला मुठीत काहीतरी लागतंच. घरी पांघरुणाचं टोक असतं. बाहेर पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या काकू टेबलाखाली लोकर विणत बसायच्या. कुणी आलंच तर गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "आत तपासणी चालू आहे हो." आमचं साटंलोटं होतं. त्यांच्या लोकरीबद्दल मी चकार शब्द काढायचा नाही आणि माझ्या झोपेबद्दल त्यांनी.

त्या दिवशी काकू पाणी प्यायला उठल्या आणि नेमका तो आला.

माझ्या कानात कुठून तरी लांबून... टीं... असं वाजलं. माझा अंगठा आपोआप हलला. पुन्हा टीं... जरासं मोठं. पुन्हा अंगठा. आणि मग एका अनोळखी, हसू दाबलेल्या आवाजाने विचारलं, "कान उत्तम आहेत तुमचे. घोरून झालं असेल तर जरा बाहेर येता का?"

मी अशी दचकले की हेडफोनची वायर गळ्यात अडकली. काचेच्या पलीकडे, माझ्या खुर्चीत, माझ्या मशीनवर, विस्कटलेल्या केसांचा एक मुलगा बसला होता. हसून हसून त्याचे डोळे बारीक झाले होते.

"तुम्ही... कोण?" मी दार ढकलून बाहेर येत विचारलं.

"साचेवाला." त्याने निळे डाग पडलेली बोटं हलवली. "कानातल्या मशीनचे साचे करतो. तुमचा माणूस रजेवर आहे ना, तो येईपर्यंत कारखान्याने मला पाठवलंय. काचेतून डोकं दिसलं, दिवा मधूनच लागत होता. मला वाटलं, पेशंटला आत विसरून सगळे जेवायला गेले."

"मी झोपले नव्हते. मी... मशीन तपासत होते."

"हो ना. घोरणं अगदी स्वच्छ ऐकू येतं मशीनवर. मी खात्री करून घेतली."

मला हसूही आलं आणि रागही. "मॅडमना सांगू नका हं. टेबलावर डोकं टेकलं म्हणून त्यांनी एकाला कायमचं घरी बसवलंय."

"नाही सांगणार. पण एक अट आहे."

"काय?"

"तुम्हाला उठवायचं काम माझं."

बघा, झोपलेल्या माणसाला उठवायच्या किती तऱ्हा असतात. आई पांघरूण ओढते. बाबा पंखा बंद करतात. भाऊ तर सरळ कानाशी ताट वाजवतो. हा मात्र सगळ्यात हळू आवाजापासून सुरुवात करायचा, एखादं झाकण जपून उचलावं तसा. टीं... मग थांबायचा. मग पुन्हा टीं. इतक्या हळू मला आयुष्यात कुणी उठवलं नव्हतं. मॅडमची गाडी फाटकाशी येईपर्यंत मी तोंड धुऊन, केस सारखे करून, जगातली सगळ्यात कामसू मुलगी होऊन बसलेली असायचे.

कामचुकार काही मी एकटीच नव्हते म्हणा. साच्यासाठी तो एक मऊ लगदा मळायचा. पेशंटच्या कानात भरला की तो थोड्या वेळात घट्ट होतो. उरलेला तुकडा टाकून द्यायचा असतो. हा पठ्ठ्या घट्ट होण्याआधी त्याचे प्राणी करायचा! पेशंट कानात लगदा घेऊन ताटकळलेला आणि याचं लक्ष हत्तीच्या सोंडेत. रोज एक प्राणी माझ्या मशीनवर येऊन बसायचा. ससा, मांजर, कासव. सगळे झोपलेले.

"सगळे झोपलेलेच का?" मी एकदा विचारलं.

"समोर जे दिसतं तेच करतो मी."

"म्हणजे मी कासव?"

"छे हो. कासव लवकर उठतं."

असं चाललं होतं. आणि एक दिवस मी त्याच्या 'टीं'च्या आधीच जागी झाले. डोळे मिटूनच पडले होते, म्हटलं, येऊ दे आवाज. पण आवाजाच्या जागी तोच बोलला. मायक्रोफोनवर, अगदी हळू.

"आज तू फारच दमलेली दिसतेस. उठवावंसं वाटत नाही."

तू!

जागेपणी तो मला 'तुम्ही' म्हणायचा. 'चहा घेता का', 'तुमची पेन्सिल देता का'. झोपले की मात्र 'तू'. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं, आता मशीन तेही पकडणार. मी हलले नाही. चार चांगले श्वास मुद्दाम जोरात घेतले. थोडं घोरून दाखवलं.

मग काय! मला झोपेचं व्यसन होतं, ते सुटलं आणि झोपेच्या सोंगाचं लागलं. रोज दुपारी मी टक्क जागी, डोळे मिटून, त्याच्या 'तू'ची वाट बघत पडायचे. तो सांगायचा, आज बहिणीशी भांडलो. आज एका आजींना कित्येक वर्षांनी नातवाचं बोलणं ऐकू आलं आणि त्या रडल्या, मग मीही. तुझ्या कानामागे एक तीळ आहे, तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. मग टीं... टीं... आणि मी आळोखेपिळोखे देत 'उठायचे'. दारातून बाहेर आले की पुन्हा, "झोप झाली का तुमची?"

"झाली की." एवढंच माझ्या तोंडून निघायचं. घरी आरशासमोर मी फडाफडा बोलायचे. त्याच्यासमोर आले की दातखीळ. दिवसभर दुसऱ्यांना ऐकू येतं का ते बघणारी मी, मला साधं एक वाक्य बोलता येईना.

मग त्या शुक्रवारी काकूंनी विणताविणता बातमी दिली. "आपला माणूस सोमवारी कामावर येतोय. साचेवाल्याला कारखान्याने लांबच्या शाखेत कायमची जागा दिलीय म्हणे. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय त्याला." सुई थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काही बोलायचं असेल तर बोल बाई. मला आपला स्वेटर पुरा करायचाय."

मी लाल दिवा लावला, आत गेले, डोळे मिटले.

हेडफोनमध्ये आधी टेबलाचा खण सरकल्याचा आवाज आला. मग त्याचा श्वास. मग तो.

"आज उठवायचा शेवटचा दिवस..." त्याने घसा खाकरला. "इथेच जवळ एका दुकानात साच्यांचं काम मिळतंय मला. छोटं आहे, पण आहे. म्हणजे जायलाच हवं असं नाही. कुणी एकदा 'थांब' म्हटलं तर... पण तू जागी असलीस की 'झाली की' याच्यापुढे जात नाहीस. आणि तू अशी झोपलीस की मला सगळं बोलता येतं. कसली जोडी आहे आपली! मला तू फार आवडतेस गं. ऐकू येतंय का तुला?"

आता माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न या खोलीत विचारायचा नसतो.

माझा अंगठा हलला. मी नाही हलवला. इतक्या दिवसांची सवय, तो आपोआप हलला.

बाहेर दिवा लागला असणार.

"तू..." त्याचा आवाज चिरकला. "तू जागी आहेस?"

आता लपवण्यात काय अर्थ? मी बटण दाबलं.

"आजच ना?"

मी अंगठा हलवला नाही.

"कालही?"

बटण.

"परवा? त्या आजींचं? तिळाचं? अरे देवा! सगळंच?"

बटण, बटण, बटण. मला इतकं हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते.

"आणि ते घोरणं?"

मी जरा थांबले. मग दाबलं.

तो हसला. मग एकदम हळू झाला, त्याच्या पहिल्या 'टीं'सारखा. "मग... मी थांबू?"

मी बटण दाबलं आणि सोडलंच नाही.

"हा दिवा का अडकलाय?"

हा आवाज त्याचा नव्हता. वळून बघते तर काचेच्या पलीकडे डॉक्टर मॅडम! आज आम्ही दोघांनीही गाडीकडे लक्ष ठेवलं नव्हतं. तो खुर्चीतून उठून उभा, कानापर्यंत लाल. दारात काकू, हातात अर्धा स्वेटर, लपवायचंही भान नाही.

मॅडमनी शांतपणे दिव्याकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या बटणाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मायक्रोफोन स्वतःकडे ओढला.

"पेशंटला ऐकू उत्तम येतंय," त्या म्हणाल्या. "बोलता येतं का, तेवढं तपासायचं राहिलंय. बाहेर या."

मी बाहेर आले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने म्हणाला, "झोप... झाली का तुमची?"

"तुमची नाही, तुझी म्हण," मी म्हटलं. "आणि थांब. जाऊ नकोस. मलाही तू फार आवडतोस."

एका दमात! आरशासमोरसुद्धा इतकं नीट जमलं नव्हतं. त्याने माझा हात धरला आणि तेव्हा कळलं, आतून येताना बटण मी वायरसकट तोडून मुठीतच आणलं होतं.

"ते आधी दुरुस्त करून घ्या," मॅडम म्हणाल्या. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. "आणि यापुढे दुपारी तुम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसा. किती वर्षं घरी जाऊन सोफ्यावर झोपून मान आखडून घेतेय मी... ही खोली आता माझी."