नव्वद टक्के गजेंद्र

"ही वडनेरची गाडी रोज याच टायमाले येते का हो?"

२००२ चा मार्च, समुद्रपूरचं बसस्थानक, डोक्यावर ऊन. विचारणारा पोरगा उंच, हातात वही, कानावर पेन, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मुलीशी बोलायची ही तऱ्हा मला नवीन होती. मी म्हटलं, "काऊन? बोर्ड वाचता येत नाई?"

"बोर्ड जुना आहे, मॅडम. मी खऱ्या वेळा लिहून राह्यलो."

त्यानं वही दाखवली. पानंच्या पानं गाड्या! माझ्याकडं त्याचं खरंच लक्ष नव्हतं... आणि याचाच मला राग आला. वहीवर एका कॉम्प्युटर क्लासचा शिक्का होता. पुढच्या सोमवारी मी त्या क्लासात नाव घातलं.

मी रक्षा, कापड दुकानवाल्या मधुकररावांची मुलगी. एकदा ठरवलं की करूनच दाखवते. गजेंद्र तिथला मास्तर, वडनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा. तोही ठरवलं की करायचा – पण नव्वद टक्के.

क्लास सुटला की तो स्वतःचे प्रोग्राम लिहायचा. एक गाड्यांच्या वेळांचा, एक बाळाचं नाव सुचवणारा, एक जिनिंग कारखान्यासमोर उभ्या कापसाच्या गाड्यांना नंबर देणारा. एकही कुणाच्या हाती पडला नाही. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतले भैयाजी दर महिन्याला विचारायचे, "मास्तर, आमचा प्रोग्राम कवा देता?"

"बस, एक गोष्ट राह्यली."

ती एक गोष्ट कधीच संपत नसे. एका गाडीची वेळ बदलली की हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. वेळ नाही बदलली, तर पहिल्या स्क्रीनचा रंग बदलायचा.

"सर, जसा आहे तसाच देऊन टाका ना," मी म्हणायचे.

"चूक निघाली तं?"

"तं दुरुस्त करू. तुम्ही एकटे थोडीच आहात?"

तो बघायचा... बोलायला तोंड उघडायचा... आणि चष्मा पुसत बसायचा. दीड वर्ष हेच चाललं. तोवर मी सकाळची बॅच शिकवायला लागले होते आणि पार प्रेमात पडले होते. त्याच्याही मनात काहीतरी आहे याची मला पक्की खात्री होती. मीच का नाही बोलले? कारण एक तरी गोष्ट त्यानं शेवटाला न्यावी, अशी माझी जिद्द होती.

मग त्याला नागपूरला नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शनिवारी दुपारी तो म्हणाला, "रक्षा मॅडम, माझं मशीन पूर्ण पुसून टाकजा. कामाचं त्यात काईच नाई." आणि भैयाजींचा निरोप घ्यायला गेला.

पूर्ण पुसायचं? मी आधी आत डोकावले. सगळे अर्धवट प्रोग्राम ओळीनं पडले होते, आणि तळाशी माझं नाव. रक्षा एक, रक्षा दोन... थेट रक्षा सात! मी सातवा चालवला.

पडद्यावर आलं – 'रक्षा, मले तू आवडते. तुले मी आवडतो का?' खाली दोन बटणं. हो. नाही.

मी मुद्दाम आधी 'नाही' दाबलं. 'काही हरकत नाई.' मग, 'क्लास मात्र सोडू नको.' मग, 'सुलोचनाबाईंच्या टपरीवरचा आपला रोजचा चहा चालू ठेवू.' शेवटी, 'बसस्थानकावर दिसलो तं तोंड फिरवू नको.' सगळं कसं नीटनेटकं, एक चूक नाही. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

मग 'हो' दाबलं. काहीच झालं नाही. त्या बटणामागं काय लिहिलंय ते उघडून पाहिलं, तर कोरं! बाकीच्या सहांतही तेच. सात वेळा लिहून या माणसानं माझा होकार एकदाही लिहिला नव्हता.

मी खुर्ची पुढं ओढली आणि लिहून टाकला. पाच मिनिटं लागली.

तो परत आला तेव्हा म्हटलं, "सर, हा प्रोग्राम जरा पाहा."

पडदा पाहून त्याचे कान लाल झाले. "हा... हा पूर्ण नाई अजून. बस, एक गोष्ट –"

"'हो' दाबा."

"त्याच्यामागं काई लिहिलंच नाई."

"काऊन नाई लिहिलं?"

"तू हाव म्हणशील असं... कधी वाटलंच नाई मले," तो खाली बघत म्हणाला. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"दाबून तं पाहा."

त्यानं दाबलं. पडद्यावर माझी अक्षरं आली – 'हाव. उद्या सकाळी साडेआठची गाडी. केळझरच्या गणपतीले जाऊ. ही वेळ बदलणार नाई.'

तो कितीतरी वेळ वाचत राहिला. मग हात हळूच कीबोर्डकडं गेला. "याचा रंग थोडा –"

मी त्याचा हात धरला. "रंग राहू दे. आता तोंडानं सांग."

"पण नागपूर..."

"नागपूरच्या गाड्या तुले पाठ आहेत. शनिवारी येत जाजो. आधी सांग."

त्यानं चष्मा पुसला नाही. माझ्याकडं सरळ बघितलं. "रक्षा, मले तू आवडते. लय आवडते." वाक्य पूर्ण झालं होतं. दोघांनाही क्षणभर खरं वाटेना.

मशीन मी पुसलं, पण आधी दोन प्रोग्राम फ्लॉपीवर घेतले – गाड्यांचा आणि 'रक्षा सात'. गाड्यांचा त्यानं रविवारी सकाळी स्वतः भैयाजींच्या हातात ठेवला. "दोन वेळा चुकीच्या असतीन," म्हणाला.

"चालते की," भैयाजी म्हणाले.

साडेआठची गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली. गजेंद्रची वही खिशातच राहिली. लिहिणार कसा? उजवा हात माझ्या हातात होता.