बाहेरच्या हवेची मर्यादा

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी रस्त्यावर यायला बंदी झाली, त्याला चौथं वर्ष लागलं होतं. म्हणून कुंदा झाडे सकाळी सहालाच इर्शादभाईंच्या गॅरेजात पोचल्या. भंगारातून घेतलेल्या शाळेच्या बसमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून झाली होती. एसी तेवढा राहिला होता.

हा सारा खटाटोप त्यांच्या नवऱ्यासाठी, मोरेश्वररावांसाठी होता. मागच्या उन्हाळ्यात उष्माघातातून ते वाचले, पण अंगाचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र कायमचं निकामी झालं. त्यांना घाम येत नसे. भोवतालची हवा तीस अंशांच्या वर गेली, की त्यांचं अंग तापू लागे. शहरातली वीज तर दिवसातून तीनदा जायची. मेळघाटातल्या एका पठारावर मात्र गाड्यांसाठी तळ निघाला होता आणि तिथे चोवीस तास सौरवीज मिळत होती.

इर्शादभाईंनी दोन यंत्रं दाखवली. "हा वीज कमी खातो, बाई. पण बाहेरची हवा पन्नासच्या वर गेली की आपोआप बंद पडतो."

"आणि हा?"

"नवीन निघालाय, दुहेरी दाबाचा. बाहेर साठ असले तरी चालतो. फक्त गरम हवा फार फेकतो. एसी काही गारवा तयार करत नाही ना, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो."

"पठारावर पन्नास होतं का कधी?"

"आजवर तरी नाही."

कुंदाबाईंनी भूगोल शिकवण्यात तीस वर्षं घालवली होती. 'आजवर' या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "साठवालाच बसवा," त्या म्हणाल्या.

पठारावरचे पहिले आठ दिवस बरे गेले. शेजारच्या गाडीत अकोल्याचे भाऊराव तायडे होते. त्यांच्यासोबत बायको आणि आठवा महिना लागलेली लेक प्रांजली. भाऊराव मोरेश्वररावांशी बुद्धिबळ खेळायला येत आणि मुद्दाम हरत.

मग गाड्या वाढल्या. चाळीसाच्या तीनशे झाल्या, आरशाला आरसा लागेल अशा उभ्या राहिल्या. वाराही पडला. हवामान खातं पठारावर चव्वेचाळीस अंश सांगत होतं. कुंदाबाईंनी दोन गाड्यांच्या मधल्या बोळात तापमापक धरला, तर पारा एकावन्नवर गेला. तीनशे एसींनी बाहेर टाकलेली उष्णता तिथेच कोंडून राहिली होती.

दुपारी एकच्या सुमारास एकेक यंत्र गप्प होऊ लागलं. दोनपर्यंत त्यांच्या रांगेत एकच एसी घुमत होता, कुंदाबाईंचा.

भाऊरावांनी दार वाजवलं. "ताई, लेकीला आत घेता का?"

कुंदाबाईंनी प्रांजलीला पलंगाच्या कडेला बसवलं. मागून एक दम्याची म्हातारी आली, मग तापलेलं तान्हं घेऊन एक बाई. माणसाचं अंगही बल्बसारखी उष्णता सोडतं, हे त्यांनी वर्गात कितीदा सांगितलं होतं. आतला आकडा सव्वीसवरून अठ्ठावीसवर आणि तिथून तिसावर आला. मोरेश्वररावांचे गाल लाल झाले.

"कुंदा," ते हळूच म्हणाले, "आता कुणाला घेऊ नकोस." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं काही कधी मागितलं नव्हतं.

कुंदाबाईंनी कडी लावली. त्यानंतर दोनदा दार वाजलं. त्या उठल्या नाहीत.

तिसऱ्यांदा खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर भाऊराव उभे होते, ओला पंचा डोक्यावर घेतलेला, ओठ पांढरे पडलेले. कुंदाबाईंनी काच बोटभर सरकवली.

"आत घ्या म्हणत नाही, ताई," ते म्हणाले. "पण तुमच्या एसीचा झोत थेट आमच्या खिडकीवर येतो. प्रांजलीच्या आईला आता बसवतही नाही. झोताचं तोंड जरा पलीकडे वळवता येईल का?"

कुंदाबाईंनी मागे वळून पलीकडच्या खिडकीतून पाहिलं. हातभर अंतरावर दुसरी गाडी होती. तिच्या काचेला आतून ओली चादर लावली होती आणि चादरीमागे कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालत होतं.

"वळवता येईल," त्या म्हणाल्या. "पण भाऊराव, तुम्हीच सांगा, कुणाकडे वळवू?"