चौदा नंबरचा शॉवर

शनिवार, १८ जानेवारी २०२५. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. बंद खोली एकच, चौदा नंबरची.

हे घडलेलं आहे. मालोजीअण्णांनी रजिस्टर उघडून दाखवलं, तेव्हाच मी ते लिहायला घेतलं.

येलहंका उपनगरातल्या एका वृद्धनिवासात अण्णा देखभाल पाहत. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय सदुसष्ट, अक्षर छापल्यासारखं. तिथला एक नियम त्यांनीच घालून दिलेला. बंद खोलीतला गरम पाण्याचा शॉवर दर शनिवारी पाच मिनिटं सोडायचा, तापमान मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. कारण पाइपात कोमट पाणी साचून राहिलं, की त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते छातीत जातात.

माणूस न्यूमोनियानं जातो.

चौदा नंबरची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिथले पद्मनाभराव सप्टेंबरात इलेक्ट्रॉनिक सिटीला लेकीकडे राहायला गेले. अण्णांचे गुडघे तेव्हा दुखत होते.

चौदा शनिवार अण्णा जिना चढलेच नाहीत.

खाली बसून लिहीत राहिले. पाच मिनिटं. ५५ अंश.

२७ डिसेंबरला पद्मनाभराव परतले. "मालोजी, तिकडे टँकरचं पाणी. एका बादलीत उरकायचं. आज मनसोक्त न्हातो बघा."

सहाव्या दिवशी ताप चढला. ८ जानेवारीला ते गेले. रुग्णालयाच्या कागदावर ताप लिहिला होता, १०३.१.

शॉवरच्या पाण्यात जंतू सापडले. चौकशी झाली. व्यवस्थापक रविकिरण म्हणाला, "अण्णा, तुमचं रजिस्टर चोख होतं, म्हणून आपण वाचलो." पद्मनाभरावांची लेक संध्या तर वाकून पाया पडली. "बाबांना तुमचाच आधार होता."

अण्णांनी मान खाली घातली. रजिस्टर मिटलं.

मग टाकी ७० अंशांपर्यंत तापवून सगळे नळ धुऊन काढले. चौदाचा पाइप कापून त्यावर टोपण बसवलं. खोलीला कुलूप घातलं.

आणि त्या शनिवारी...

भागुबाई झाडू घेऊन जिन्यातच थांबली. "अण्णा, चौदात कोण न्हातंय?"

"कोण न्हाणार? पाइपच नाही तिथं."

"मग स्वल्प कान देऊन ऐका की."

पाणी पडत होतं.

मधूनच खोकला... ओला, खोल.

"सरी, बरं तर, मी आपली खालीच झाडते," म्हणून भागुबाई गेली.

अण्णांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. बरोबर पाच मिनिटांनी आवाज थांबला. त्यांनी कुलूप काढलं.

फरशी कोरडी. साबण भेगा पडून वाळलेला.

त्यांनी थर्मामीटर शॉवरखाली, नुसत्या हवेत धरला. खोलीत २४ अंश होते. आकडा चढू लागला... आणि ३९.५ वर थांबला.

अण्णांनी तो फॅरनहाइटमध्ये बदलून पाहिला. दोनदा.

१०३.१.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

आता अण्णा दर शनिवारी गुडघे धरून जिना चढत. पाच मिनिटं दाराशी उभे राहत. मनाशी एक हिशोब मांडला होता त्यांनी. चौदा चुकवले, चौदा भरून दिले की सुटलो. संध्याला सांगायची गरजच पडणार नाही.

हा हिशोब सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

चौदावा शनिवार गेला.

पंधराव्याला दहा चाळीस झाले...

पाणी पडू लागलं.

अण्णांनी तिथूनच संध्याला फोन लावला. सगळं सांगितलं. एकही शनिवार गाळला नाही.



"परत निघाले त्या दिवशी मी बाबांना म्हटलं होतं, आधी पाणी थोडं वाहू द्या," ती म्हणाली. "तर म्हणाले, मालोजीनं लिहिलंय म्हणजे वाहिलेलं आहे."

फोन बंद झाला.

आतला आवाजही थांबला. घड्याळात दोनच मिनिटं झाली होती.

अण्णा खाली आले. खोट्या चौदा नोंदींवर लाल रेघ मारली, सही केली, रजिस्टर रविकिरणच्या टेबलावर ठेवलं. मग वाटलं, संपलं असावं. खात्री करायला थर्मामीटर घेऊन पुन्हा वर गेले.

शेवटची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे.

२६ एप्रिल २०२५. खोली चौदा. पाइप नाही. पाणी नाही. ३९.५ अंश.